फेनवे पार्कला (बोस्टन) गाडी न नेता कसे जावे? पाहुण्यांसाठी माहितीचा धागा

पाऊलवाट

उन्हाळा आला की बोस्टन परिसरात मुलांकडे राहायला आलेले आई-बाबा, कामानिमित्त आठवडाभर आलेले लोक आणि न्यूयॉर्कहून दोन दिवसांसाठी येणारी मंडळी या सगळ्यांच्या यादीत "रेड सॉक्सचा (बोस्टनचा बेसबॉल संघ) एक सामना" असतोच. त्यांचे मैदान म्हणजे फेनवे पार्क, १९१२ सालचे, भर वस्तीत आणि चहूबाजूंनी अरुंद रस्ते. सामन्याच्या दिवशी आजूबाजूचे पार्किंग ४० डॉलरच्या खाली क्वचितच मिळते आणि सामना संपल्यावर त्यातून गाडी बाहेर काढायला लागणारा वेळ वेगळाच. म्हणून हा धागा फक्त 'टी'ने (इथल्या मेट्रोला सगळे टीच म्हणतात) आणि कम्युटर रेलने (उपनगरांतून येणारी रेल्वे) जाण्याबद्दल. स्थानकांची नावे, भाडे, कुठे चुकायला होते आणि परत येताना काय करावे, हे जाणकारांनी लिहावे. वयस्कर मंडळींसाठी जिने आणि लिफ्टची माहितीही हवी आहे.

---

लोकलवाला

सोपे आहे. ग्रीन लाइन घ्यायची, 'फेनवे' नावाच्या थांब्यावर उतरायचे. नावातच सगळे आले.

---

चौथी_सीट

@लोकलवाला, नेमकी हीच चूक निम्मे पाहुणे करतात.

'फेनवे' हा थांबा ग्रीन लाइनच्या फक्त डी फाट्यावर आहे आणि तिथून मैदान दहा मिनिटांच्या चालीवर आहे. जवळचे स्थानक म्हणजे केनमोर. तिथे बी, सी आणि डी या तिन्ही फाट्यांच्या गाड्या थांबतात आणि बाहेर पडल्यावर पाच-सात मिनिटांत तुम्ही मैदानाच्या भिंतीशी असता. शहराच्या मध्यातून येणाऱ्याने फेनवेचा हट्ट धरला तर बी आणि सी सोडून द्याव्या लागतात, त्यामुळे फलाटावरचा वेळही वाढतो आणि चालणेही.

क्रम असा. शहराच्या मध्यभागी पार्क स्ट्रीट किंवा गव्हर्नमेंट सेंटरला या. पश्चिमेकडे, म्हणजे 'वेस्टबाउंड' फलाटावर, बी, सी, डी यांपैकी जी पहिली येईल ती पकडा. पार्क स्ट्रीटनंतर बॉइल्स्टन, आर्लिंग्टन, कॉप्ली, हाइन्स आणि पाचवे केनमोर. गाडीच्या कपाळावर अक्षर आणि शेवटच्या स्थानकाचे नाव असते: बी म्हणजे बॉस्टन कॉलेज, सी म्हणजे क्लीव्हलंड सर्कल, डी म्हणजे रिव्हरसाइड. ई (हीथ स्ट्रीट) घ्यायची नाही. ती कॉप्लीनंतर वेगळ्या बोगद्यात वळते आणि केनमोरला जातच नाही.

---

पाऊलवाट

आणि चुकून ई मध्ये बसलेच तर?

---

चौथी_सीट

कॉप्लीपर्यंत लक्षात आले तर काहीच बिघडत नाही. कॉप्लीला उतरा, त्याच फलाटावर थांबा, मागून येणारी बी/सी/डी घ्या. पुन्हा पैसे लागत नाहीत.

प्रूडेन्शियलला पोहोचल्यावर कळले तर मात्र जरा गंमत आहे. उलट्या गाडीने कॉप्लीला परत आलात तर कॉप्लीच्या दोन फलाटांना आतून जोडणारा रस्ताच नाही. दिशा बदलायला रस्त्यावर येऊन पलीकडच्या दाराने पुन्हा आत जावे लागते, म्हणजे दुसऱ्यांदा भाडे. त्यापेक्षा आणखी एक स्थानक पुढे आर्लिंग्टनला जा, तिथे आतल्या आत फलाट बदलता येतो. पाय धड असतील तर प्रूडेन्शियलहून चालत वीस-पंचवीस मिनिटे, तेही वाईट नाही.

केनमोरला उतरायचे राहिले तर घाबरू नका. पुढचा थांबा बी वर ब्लँडफर्ड स्ट्रीट, सी वर सेंट मेरीज स्ट्रीट आणि डी वर तो वर सांगितलेला फेनवे. तिन्हींपासून मैदान चालत गाठता येते. परतीची गाडी शोधत बसण्यापेक्षा चाला.

---

लोकलवाला

मान्य, मी सुचवलेले नाव मागे घेतो. :) पण मग फेनवे थांब्याचा उपयोग कोणाला?

---

चौथी_सीट

रिव्हरसाइडकडून येणाऱ्यांना, आणि परतीच्या प्रवासात जवळजवळ सगळ्यांनाच. त्यावर खाली सविस्तर लिहितो, आधी भाड्याचे होऊ दे.

---

सुटे_पैसे

भाडे. सबवेचे एका खेपेला २.४० डॉलर, अंतर कितीही असो. रेडवरून ग्रीनवर किंवा ब्ल्यूवरून ग्रीनवर आतल्या आत बदलले तर वेगळे काही नाही. एका दिवसाचा पास ११ डॉलर, सात दिवसांचा २२.५०. फक्त सामन्याला जाऊन यायचे असेल तर पास घेऊ नका, ४.८० मध्ये काम होते. आठवडाभर फिरणार असाल तर सात दिवसांचा पास दहाव्या खेपेला वसूल होतो.

११ वर्षांपर्यंतची मुले मोठ्या माणसाबरोबर मोफत.

ऑगस्ट २०२४ पासून फाटकावर आणि गाडीत थेट बँकेचे संपर्कविरहित कार्ड किंवा फोन टेकवून जाता येते. यंत्रापुढच्या रांगेत उभे राहायची गरज उरलेली नाही. पण भारतातून आलेल्यांनी तीन गोष्टी बघाव्यात:

कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' आणि 'कॉन्टॅक्टलेस' ही दोन वेगळी बटणे असतात, दोन्ही चालू लागतात. एकच चालू करून लोक फाटकापाशी कार्ड घासत बसतात. हे घरून निघण्याआधी करा, कारण ओटीपी भारतातल्या सिमवर येतो आणि ते सिम इथे चालू असेलच असे नाही.

दर माणशी वेगळे कार्ड धरा. एकाच कार्डावर चौघांना आत घ्यायचा बेत करू नका. कार्ड नसलेल्यांसाठी स्थानकातल्या यंत्रातून तिकीट काढा, तिथे रोख रक्कमही चालते.

आणि येताना फोन टेकवला, जाताना तेच कार्ड पाकिटातून काढून टेकवले, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डे असतात. दिवसभर एकच धरून ठेवा.

६५ च्या वरच्यांना अर्धे भाडे आहे, पण त्यासाठी फोटो असलेले सीनियर कार्ड आधी काढावे लागते. फाटकावर पासपोर्ट दाखवून सवलत मिळत नाही. एका सामन्यासाठी ती खटपट नको, दोन-तीन महिने राहणार असतील तर जरूर करा.

---

वाऱ्याची_झुळूक

फ्रेमिंगहॅम, अ‍ॅशलंड, वेस्टबरो, श्रूजबरी या पट्ट्यात आपली मंडळी बरीच आहेत. त्यांनी ग्रीन लाइनच्या नादी का लागावे? वूस्टर लाइनची कम्युटर रेल थेट मैदानाच्या पाठीमागे थांबते.

---

डबलडेकर

बरोबर, आणि हे अजून कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटत होते. स्थानकाचे नाव लान्सडाउन. जुन्या ब्लॉगांत आणि नकाशांत 'यॉकी' असे सापडेल. तेच हे, २०१९ मध्ये नाव बदलले. फलाटावरून वर आलात की ब्रूकलाइन अ‍ॅव्हेन्यू, पुलावरून डावीकडे पाहिले की मैदानाची हिरवी भिंत. चालणे चार-पाच मिनिटे. फलाट पूर्ण लांबीचा आणि डब्याच्या उंचीचा आहे, लिफ्ट आणि उतार आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी या सगळ्या मार्गांमध्ये हा सर्वांत सुखाचा.

ओळीने स्थानके: वूस्टर, ग्राफ्टन, वेस्टबरो, साउथबरो, अ‍ॅशलंड, फ्रेमिंगहॅम, वेस्ट नेटिक, नेटिक सेंटर, मग वेल्सलीची तीन, न्यूटनची तीन, बॉस्टन लँडिंग आणि लान्सडाउन. त्यानंतर बॅक बे आणि शेवटी साउथ स्टेशन. श्रूजबरीला स्वतःचे स्थानक नाही, तिथल्यांनी ग्राफ्टन किंवा वेस्टबरो धरावे.

भाडे झोननुसार. वेस्टबरो (झोन ७) ११ डॉलर, अ‍ॅशलंड आणि साउथबरो (झोन ६) १०.५०, फ्रेमिंगहॅम (झोन ५) ९.७५, नेटिक (झोन ४) ८.७५. हे एका बाजूचे. पण शनिवार-रविवारचा पास १० डॉलर, दोन्ही दिवस, सगळे झोन, कितीही खेपा. म्हणजे वेस्टबरोहून शनिवारी जाऊन येणे एकेरी तिकिटापेक्षाही स्वस्त! सामना निवडता येत असेल तर शनिवार-रविवारचाच निवडा. चौघांच्या कुटुंबाचा यात चांगला ४८ डॉलरचा फरक पडतो.

तिकीट 'एमतिकीट' अ‍ॅपवर. कार्ड टेकवायची सोय कम्युटर रेलवर नाही, त्यामुळे वर सुटे_पैसे यांनी लिहिलेले इथे लागू नाही. अ‍ॅपमध्ये तिकीट विकत घेणे आणि ते 'चालू' करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. विकत घरी घ्या, चालू गाडी येताना करा. आदल्या रात्रीच चालू करून ठेवलेत तर सकाळी ते मेलेले असते.

---

वाऱ्याची_झुळूक

चारच गोष्टी जोडते.

सगळ्या गाड्या लान्सडाउनला थांबत नाहीत, काही जलद गाड्या ते गाळून पुढे जातात. वेळापत्रकात त्या रकान्यात वेळ छापली आहे की नाही ते बघा. जलद गाडीत बसलात तर बॅक बेला उतरून उलट यावे लागेल.

बाहेरच्या काही स्थानकांवर गाडीचे सगळे दरवाजे उघडत नाहीत. गार्ड ओरडून सांगतो कुठल्या डब्यातून उतरायचे. चढताना फलाटाचा उंच भाग जिथे असेल तिथे उभे राहा.

लान्सडाउनला दोन फलाट आहेत. परतताना वूस्टरकडची गाडी नेहमीच्या फलाटावर येईल असे धरून चालू नका, रुळांचे काम चालू असेल तर पलीकडे येते. पाटीवर वाचा आणि घोषणा ऐका. मधला पूल ओलांडायला दोन मिनिटे लागतात आणि गाडी तेवढी थांबत नाही.

आणि मुख्य: रात्रीच्या गाड्या साधारण तासातासाने असतात. म्हणजे परतीची गाडी आधी ठरवायची आणि मग सामना बघायचा, उलटे नाही.

---

गुगली

पण बेसबॉल कधी संपेल याचा नेम नाही ना? षटके मोजता येत नाहीत, मग गाडी ठरवायची कशी?

---

डबलडेकर

पूर्वी नेम नसायचा. २०२३ पासून चेंडू टाकण्याला घड्याळ लावले आहे, त्यामुळे नऊ डावांचा सामना आता सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपतो. संध्याकाळचा सामना पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे साडेनऊ ते दहा ही संपण्याची वेळ धरा. वर अर्धा तास राखीव. सव्वासातच्या सामन्याला साडेदहाच्या सुमाराची गाडी बिनधास्त पकडता येते. त्यानंतरची गाडी कुठली आहे तेही लिहून ठेवा, कारण नऊ डावांत बरोबरी झाली तर खेळ लांबतो. पाऊस आला तर सगळेच गणित कोलमडते, तासभर मैदानावर ताडपत्री अंथरलेली बघत बसावे लागते.

शेवटच्या गाडीच्या भरवशावर जाऊ नका. तिच्या आधीची हीच तुमची गाडी आणि शेवटची ही राखीव, असे धरा.

---

चौथी_सीट

आता ग्रीन लाइनच्या परतीचे, कारण खरी परीक्षा तिथेच.

मैदानात सुमारे ३७ हजार माणसे बसतात. ग्रीन लाइन म्हणजे दोन डब्यांची ट्राम. मुंबईची बारा डब्यांची लोकल डोळ्यांपुढे आणाल तर फसाल. टी सामन्याला जादा गाड्या सोडते, तरीही शेवटचा गडी बाद झाल्यावर पंधरा मिनिटांत केनमोरचा जिना भरून जातो आणि कधीकधी लोकांना रस्त्यावरच थोपवून थोडेथोडे आत सोडतात.

युक्ती दिशेवर अवलंबून आहे.

शहराकडे जायचे असेल (पार्क स्ट्रीट, साउथ स्टेशन, हॉटेले): केनमोर सोडा, उलट दिशेला चालत फेनवे थांब्यावर जा. शहराकडे जाणारी डी आधी फेनवेला येते, मग केनमोरला. म्हणजे तुम्ही गर्दीच्या एक स्थानक आधी आत शिरता. केनमोरला दार उघडल्यावर बाहेरचे लोक जे काय करतात ते खिडकीतून बघायचे.

रिव्हरसाइडकडे जायचे असेल: बरोबर उलटे. केनमोरलाच चढा. फेनवेला ती गाडी केनमोरहून भरूनच येते.

---

लोकलवाला

अरे, हे तर वानखेडेसारखेच! सामना सुटल्यावर मरीन लाइन्सला जाऊन लोंबकळण्यापेक्षा चर्चगेटला जायचे, गाडी तिथूनच सुटते, बसायला मिळते. आता फेनवे थांबा का ठेवलाय ते कळले.

---

चौथी_सीट

अगदी तेच. फक्त इथे खिडकीची जागा मिळाली तरी वारा येत नाही.

---

रुळावरून

हाइन्सला चालत जाण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो: "बॉइल्स्टन स्ट्रीटने पंधरा-वीस मिनिटे चाला, गर्दी टळेल." मला तो अर्धवट वाटतो. हाइन्स हे केनमोरच्या *पुढचे* स्थानक, म्हणजे तिथे येणारी प्रत्येक गाडी केनमोरला ठासून भरलेली असते. फलाट मोकळा, पण डब्यात पाय ठेवायला जागा नाही. शिवाय हाइन्सला लिफ्ट नाही. हाइन्सपाशी जायचेच तर बस क्रमांक १ साठी जा. ती मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूने नदी ओलांडून एमआयटी, सेंट्रल करत हार्वर्डला जाते. केंब्रिजला मुक्काम असेल तर पार्क स्ट्रीटचा वळसा वाचतो. बसचे भाडे १.७०.

ऑरेंज लाइनवाल्यांनी (मॉल्डन, फॉरेस्ट हिल्स) रगल्सपर्यंत चालावे, वीस-पंचवीस मिनिटे. रात्री संग्रहालयाच्या बाजूचा रस्ता ओस असतो, चौघे असाल तर ठीक.

---

चौथी_सीट

हाइन्सबद्दल सहमत. एक दुरुस्ती सुचवतो: सामना संपून चाळीस मिनिटे झाली असतील तर केनमोरलाही काही हाल नसतात. घाई नसेल तर मैदानाबाहेर थोडे रेंगाळा, मग आरामात जा.

केनमोरच्या आतली रचना माहीत असली तर बरे. दोन बेटासारखे फलाट आहेत, एक शहराकडे जाणारा आणि एक बाहेर जाणारा. प्रत्येकाच्या एका कडेला बी, दुसऱ्या कडेला सी आणि डी. शहराकडे जाणाऱ्याने मध्ये उभे राहावे आणि जी बाजू आधी येईल तिच्यात शिरावे, कारण गव्हर्नमेंट सेंटरपर्यंत तिन्ही एकाच वाटेने जातात. बी आणि सी मात्र गव्हर्नमेंट सेंटरलाच संपतात. नॉर्थ स्टेशन, लेचमिअर किंवा युनियन स्क्वेअरला जायचे असेल तर डीच हवी.

---

पाऊलवाट

उत्तम. जिने, लिफ्ट आणि सामान यांचे कोणी लिहील का? आणि विमानतळावरून थेट येणाऱ्यांचे?

---

रुळावरून

लिफ्ट असलेली कामाची स्थानके: केनमोर, कॉप्ली, आर्लिंग्टन, पार्क स्ट्रीट, गव्हर्नमेंट सेंटर, साउथ स्टेशन. नसलेली: हाइन्स आणि बॉइल्स्टन. फेनवे थांबा उघड्यावर, जमिनीच्या पातळीवर आहे.

ग्रीन लाइनचे डबे दोन प्रकारचे. जुन्यांना दारातच तीन पायऱ्या, नव्यांचा मधला भाग खाली बसका. बहुतेक गाड्यांत दोघांची जोडी लावलेली असते, म्हणजे निदान एक डबा बसका मिळतो. गाडी आली की दाराकडे बघा, पायऱ्या दिसल्या तर शेजारच्या डब्याकडे जा. पुढच्या गाडीची वाट बघू नका.

(बॉइल्स्टनच्या वळणावर चाके कर्कश किंचाळतात. गाडी बिघडलेली नाही. हा बोगदा १८९७ चा, अमेरिकेतला सर्वांत जुना, आणि वळण त्या काळच्या ट्रामच्या मापाचे आहे.)

विमानतळ: दोन वाटा.

पहिली, सिल्व्हर लाइनची एसएल१ बस. टर्मिनलच्या दारातून सुटते, साउथ स्टेशनपर्यंत मोफत, आणि तिथे उतरता तेच फाटकाच्या आत, म्हणजे पुढची रेड लाइनही मोफतच. एल्वाइफकडे जाणारी रेड घ्या, डाउनटाउन क्रॉसिंग, मग पार्क स्ट्रीट. तिथे एक मजला वर ग्रीन लाइन. म्हणजे विमानतळ ते केनमोर शून्य डॉलर.

दुसरी, विमानतळाची मोफत बस पकडून ब्ल्यू लाइनचे एअरपोर्ट स्थानक, तिथून मॅव्हरिक, अ‍ॅक्वेरियम, स्टेट, गव्हर्नमेंट सेंटर, मग ग्रीन. याला २.४०. संध्याकाळी बोगद्यात वाहने तुंबली की एसएल१ अडकते, ब्ल्यू लाइन अडकत नाही. दुपारी चार ते सातमध्ये उतरलात तर दुसरी वाट बरी.

साउथ स्टेशनला पोहोचल्यावर तिसरा पर्याय उघडतो: वूस्टरकडची कम्युटर रेल, लान्सडाउन हे दुसरेच स्थानक, झोन १ए, भाडे २.४०. वेळ जुळत असेल तर तिथून पुढे गाडी न बदलता पोहोचता. न्यूयॉर्कहून अ‍ॅमट्रॅकने (लांब पल्ल्याची रेल्वे) येणारे बॅक बेलाच उतरून हीच गाडी घेऊ शकतात, किंवा डार्टमथ स्ट्रीटने पाच-सात मिनिटे चालत कॉप्लीला.

---

सुटे_पैसे

सामानाचे एका वाक्यात: बॅग घेऊन मैदानावर जाऊ नका. आत १२ × १२ × ६ इंचांपर्यंतची, एकाच कप्प्याची पिशवी चालते. पाठीवरची सॅक लॅपटॉपची असो की डब्याची, दारातून परत. औषधांच्या आणि तान्ह्या बाळाच्या पिशवीला सूट आहे. सॅक परत ठेवायला हॉटेलवर जायचे म्हणजे ग्रीन लाइनच्या दोन खेपा आणि पहिले तीन डाव गेले. हॉटेल सोडून थेट सामन्याला येणार असाल तर सामान हॉटेलच्या काउंटरपाशी ठेवून निघा.

सामन्याचे तिकीट फोनवरच असते. मैदानाच्या दारापाशी हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क मागत असतात, म्हणून स्थानकातून बाहेर पडायच्या आधीच ते फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा.

---

गुगली

दारांचा गोंधळ होतो का? ए, बी, सी, डी, ई अशी पाच-सहा नावे दिसतात.

---

डबलडेकर

होतो, कारण ग्रीन लाइनचे फाटेही बी, सी, डी, ई आणि मैदानाची दारेही बी, सी, डी, ई! दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. डी गाडीने येऊन डी दार शोधणारे लोक असतात.

दार ई लान्सडाउन स्ट्रीट आणि ब्रूकलाइन अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, केनमोर किंवा लान्सडाउनहून येताना पहिले लागते. सी त्याच गल्लीत पुढे, उघड्या बाकांसाठी. ए जर्सी स्ट्रीटवर, डी जर्सी आणि व्हॅन नेसच्या कोपऱ्यावर, बी मागच्या अंगाला इप्स्विच स्ट्रीटकडे. फेनवे थांब्यावरून येणाऱ्याला बॉइल्स्टन स्ट्रीट धरून जर्सीवर वळले की डी जवळ. तिकिटावर दार दिलेले असते, त्यानुसार बाजू ठरवा. चुकीच्या बाजूला पोहोचलात तर अख्खा वळसा, आणि सामन्याआधी जर्सी स्ट्रीटचा मैदानालगतचा तुकडा फक्त तिकीटवाल्यांसाठी असतो, आरपार जाता येत नाही.

---

वाऱ्याची_झुळूक

रिव्हरसाइडचा पर्याय राहिला. ज्यांना कम्युटर रेलच्या वेळा जुळत नाहीत त्यांनी गाडी आय-९५ महामार्गावरून न्यूटनच्या रिव्हरसाइडला लावावी आणि डी घ्यावी. सुरुवातीचेच स्थानक, बसायला नक्की मिळते, गाड्या दर काही मिनिटांनी. साधारण पस्तीस मिनिटे. पार्किंगचे पैसे वेगळे. सामन्याच्या दिवशी तो तळही भरतो, तेव्हा पुढचेच स्थानक वुडलंड बघा, तिथेही पार्किंगची इमारत आहे.

सामना लांबला तरी या वाटेने घरी पोहोचण्याची खात्री कम्युटर रेलपेक्षा जास्त. रात्री तासभर फलाटावर बसावे लागत नाही. आठवड्यातल्या दिवशी माझे मत रिव्हरसाइडला, शनिवार-रविवारी लान्सडाउनला.

---

डबलडेकर

मी दोन्ही दिवशी लान्सडाउन म्हणेन, पण ठीक आहे, आई-बाबांना कोण सोडायला जातेय त्यावर आहे.

---

रुळावरून

एप्रिलचा तिसरा सोमवार, पेट्रियट्स डे. त्या दिवशी सामना सकाळी अकराच्या सुमाराला असतो आणि त्याच वेळी बोस्टन मॅरेथॉन केनमोर चौकातून जाते. कॉप्ली स्थानक दिवसभर बंद, म्हणजे वर सांगितलेली ई ची दुरुस्ती तिथे करता येणार नाही. तेव्हा गाडीचे अक्षर नीट बघूनच चढा. बीकन स्ट्रीट आणि कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवर कठडे असतात, रस्ता हवा तिथे ओलांडता येत नाही. मैदान मॅरेथॉनच्या मार्गाच्या दक्षिणेला आहे. लान्सडाउनच्या ब्रूकलाइन अ‍ॅव्हेन्यूकडच्या दाराने किंवा फेनवे थांब्यावरून आलात तर ओलांडायचा प्रश्नच येत नाही.

इतर शनिवार-रविवारी टीच्या संकेतस्थळावरच्या सूचना आदल्या दिवशी वाचा. रुळांच्या कामासाठी ग्रीन लाइनचा एखादा तुकडा बंद ठेवून बदली बसगाड्या सोडतात. तशा दिवशी अर्धा-पाऊण तास जास्त धरा किंवा सरळ कम्युटर रेल घ्या.

---

गुगली

शेवटचा प्रश्न. सामना बघून त्याच रात्री विमान असेल तर एसएल१ परत जातानाही मोफत का?

---

सुटे_पैसे

नाही. विमानतळावरून शहरात येतानाच मोफत. जाताना २.४०, पण केनमोरला एकदा टेकवलेत की पार्क स्ट्रीट, साउथ स्टेशन, एसएल१ सगळे त्यातच, साउथ स्टेशनला फाटकाबाहेर पडू नका म्हणजे झाले. आणि संध्याकाळच्या सामन्यानंतर त्याच रात्रीचे विमान ठेवू नका.